आगाऊ खाल्लेले रोडगे

घनश्याम गावंडेला आर्णीत कुणी कधी धावताना पाहिलं नव्हतं. एसटी सुटत असली तरी हा हात वर करून जागच्या जागी उभा राहणार, आणि ड्रायव्हरच बिचारा लाजून ब्रेक मारणार. मेन रोडवर त्याचं चष्म्याचं दुकान आहे, वडिलांच्या वेळचं. सकाळी तो चाकाच्या खुर्चीत बसला की दुपारच्या डब्यापर्यंत तिच्यातून उतरत नसे. गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवायची तर पायानं जमीन ढकलत खुर्चीसकट कपाटापाशी जायचा आणि खुर्चीसकटच परत यायचा. खुर्चीची चाकं दोनदा झिजली, घनश्यामच्या चपला मात्र लग्नात मिळाल्या असाव्यात अशा कोऱ्या. अशा माणसानं पन्नास किलोमीटर धावायचं ठरवलं, तेव्हा गल्लीला वाटलं, आकडा सांगताना जीभ घसरली असावी.

जीभ घसरली नव्हती. साडू आडवा आला होता.

साडू हे नातंच चमत्कारिक. एकाच थानाचं कापड घेऊन गेलेली दोन गिऱ्हाइकं. जन्मभर एकमेकांकडं बघत राहतात, कोणाचा रंग आधी उडतो म्हणून. घनश्यामचा साडू प्रफुल्ल यवतमाळला इंजिनिअर. तो कुठंतरी एकवीस किलोमीटर धावला आणि त्याचं मेडल त्यानं गाडीच्या आरशाला लटकवलं, जिथं लोक लिंबू-मिरची लावतात तिथं. बाभुळगावला सासरकडच्या एका लग्नात तो ते खिशात घालून आला होता, ‘पोरं बघायचं म्हणतात’ असं सांगत. पोरांनी एकदा पाहिलं, सासूबाईंनी चारदा. घनश्याम पंगतीत तिसऱ्या जिलेबीला हात घालत होता. प्रफुल्लनं त्या जिलेबीकडं पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा प्रेमानं म्हणाला, “घनश्यामराव, तुमच्यासाठीसुद्धा असते बरं का दौड. पाच किलोमीटरची. त्यात आज्या असतात, लहान पोरं असतात, मधे मधे सरबत देतात.”

ती जिलेबी घनश्यामनं पानातच ठेवली. कोकिळा, म्हणजे त्याची बायको, तेव्हाच समजली की आता काहीतरी घडणार. नवऱ्यानं जिलेबी टाकणं ही त्या घरात साधी गोष्ट नव्हती.

घरी आल्यावर त्यानं फोनवर ती जानेवारीतली दौड शोधून काढली. उमरखेडकडं, जंगलाच्या कडेकडेनं. पाच, दहा, एकवीस आणि त्यानंतर एकदम पन्नास. साडूच्या वर जायचं तर मधे पायरीच नव्हती. तिसाची असती तर माणूस तिथं थांबला असता आणि ही गोष्ट झाली नसती. त्यानं पन्नासावर बोट दाबलं. दौड निवडली ती अशी. लोक शर्टसुद्धा यापेक्षा जास्त विचार करून निवडतात.

कोकिळेनं विचारलं, पन्नास म्हणजे केवढं? तो म्हणाला, इथून यवतमाळ, आणि वरून थोडं. कोकिळा म्हणाली, “बस आहे नं पण.”

मग तयारी सुरू झाली. यवतमाळहून बूट आले, पोपटी रंगाचे. अर्धी चड्डी आली, जी घालून तो पहिल्या दिवशी दाराबाहेर पडला आणि आल्या पावली परत जाऊन वरून लुंगी गुंडाळून आला; गल्लीच्या तोंडाशी जाऊन सोडली. तिथल्याच ओट्यावर सदाशिवराव बसलेले. ते कृषी खात्यातून रिटायर झालेत, पण पाहणी करायची सवय गेलेली नाही. त्यांनी चष्मा वर करून, जो घनश्यामच्याच दुकानातला, त्या पायांची पाहणी केली आणि पीक हलकं आहे एवढाच शेरा दिला. कुत्री पहिले आठ दिवस भुंकली, मग त्यांनाही त्याची कीव आली.

गावाबाहेर वेगळीच पंचाईत. आपल्याकडं माणूस धावतो तो बैल सुटला म्हणून किंवा कुणाचं काही कमी-जास्त झालं म्हणून. सावळी रोडनं घनश्याम धावत निघाला की शेतातल्या बाया कापूस वेचायच्या थांबायच्या आणि बांधावर येऊन विचारायच्या, कोण गेलं? तो हात हलवून कोणी नाही म्हणायचा. त्यांना खरं वाटायचं नाही. त्याहून मोठी आफत म्हणजे लिफ्ट. रस्त्यानं पायी जाणारा माणूस दिसला की गाडी थांबवायची, ही आपल्याकडची रीत. नाही विचारलं तर विचारणाऱ्याचं वाईट दिसतं, आणि नाही म्हटलं तर बसणाऱ्याचं. दर फर्लांगाला एक मोटरसायकल हळू व्हायची. “बसा नं भाऊ, सोडून देतो.” हा धापा टाकत नाही म्हणायचा. पुढचा माणूस दुखावून निघून जायचा. एका ओळखीच्या गिऱ्हाइकानं तर मग दुकानात येणंच बंद केलं. माह्या गाडीत काय काटे आहेत काय, असं तो चहाच्या टपरीवर बोलला.

तरी घनश्यामनं सोडलं नाही, हे मान्य करावं लागेल. दिवाळी ते नाताळ, पोट दोन बोटं आत गेलं. दुकानात तो खुर्चीतून उठून कपाटापर्यंत चालत जाऊ लागला. एक म्हातारं गिऱ्हाईक ते पाहून दचकलं.

फक्त त्याची आई, हंसाबाई, यात खूश नव्हती. तिला साडू, मेडल, जंगल यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. तिच्यापुढं एकच गोष्ट होती. घनश्यामचे वडील याच वयात गेले. सकाळी छाती धरून बसले होते. तिनं विचारलं तर म्हणाले, काही नाही, गॅस झाला. सोडा प्यायले, दुकान उघडायला गेले आणि दुकानातल्या खुर्चीतच संपले. तेव्हापासून ‘काही नाही’ हे दोन शब्द त्या घरात कुणी म्हटले की हंसाबाईच्या हातातली कामं थांबतात.

तिनं पोराला अडवून पाहिलं. तो ऐकेना. मग तिनं ते केलं जे आपल्याकडच्या आया करतात: पोराशी भांडणं सोडलं आणि देवाशी बोलणी लावली. सावळी रोडला फाट्यावर मारोती आहे, लिंबाच्या झाडाखाली, तिच्या माहेरच्या वाटेवरचा. तिनं त्याला सांगितलं, माहा पोरगा तुह्यापर्यंत पायानं आला आणि पायानंच धडधाकट घरी पोचला, तर तुह्या दारात गल्लीले रोडगे खाऊ घालीन. तसं झालं तरच उमरखेडले जाऊ देईन. नाही झालं तर पोपटी बूट चुलीत.

घनश्यामलाही ते सोयीचं होतं. दौडीच्या आधी एक लांबलचक फेरी करावी असं फोनमधल्या वेळापत्रकात होतंच, आणि फाट्यावरचा मारोती बरोबर तेवढ्याच अंतरावर. एका रविवारी फटफटताना तो निघाला. हंसाबाई दारात समई लावून बसली.

जाताना सगळं झकास झालं. मारोतीला हात जोडले, शेंदूर कपाळाला लावला, पाणी प्यायला, वळला. खिशातल्या फोनमधली बाई दर किलोमीटरला इंग्रजीत शाबासकी देत होती. अर्धी वाट सरली. मग बाभळीच्या नाल्याचा चढ आला, आणि त्या चढावर छातीत धडधड झाली.

आता धावणाऱ्याच्या छातीत धडधड होणार नाही तर कुणाच्या? पण घनश्यामला एकदम वडील दिसले, हातात सोड्याचा ग्लास घेतलेले. तो थांबला. वाकून गुडघ्यांवर हात ठेवले. मान वर करावी तर रस्ता तसाच पुढं पडलेला, आणि मागं फटफट करत ट्रॅक्टर येऊन उभा. खेमसिंग राठोडचा, कापसानं भरलेला, जिनिंगला निघालेला. खेमसिंगचं शेत मारोतीच्या फाट्यालाच लागून आहे, आणि त्याच्या म्हाताऱ्या आईचा चष्मा घनश्यामनं तीनदा दुरुस्त केलेला. खेमसिंगनं जे कुणीही विचारलं असतं तेच विचारलं. “बसा नं भाऊ. कापसावर बसा, मऊ आहे.”

इतके दिवस जो शब्द सहज येत होता तो त्या वेळी आला नाही. घनश्याम म्हणाला, नाला ओलांडेपर्यंत बसतो. आणि चढला.

कापसावर बसलेला माणूस बसून राहत नाही, आडवा होतो. वर ऊन पडलेलं, खाली उबदार कापूस, ट्रॅक्टरचा झोका. छातीची धडधड कधी थांबली ते त्याला कळलं नाही, कारण तो घोरायला लागला होता. नाला गेला, दोन गावं गेली. खिशातली बाई शाबासकी देतच होती; तिला काय माहीत पाय कुणाचे. खेमसिंगनं हाक मारून उठवलं तेव्हा समोर जिनिंगचं फाटक होतं आणि गल्ली हाकेच्या अंतरावर.

घनश्याम उतरला. त्याचा विचार चांगला होता, हे त्याच्या बाजूनं सांगून ठेवावं. घरी जायचं, आईला सांगायचं, अर्धं झालं, अर्धं राहिलं, पुढच्या रविवारी पुन्हा. असं पाठ करत तो गल्लीकडं निघाला. सवयीनं जरा धावतच. तिथंच घात झाला. गल्लीच्या तोंडाशी सदाशिवराव हार घेऊन उभे. मागं बाया, पोरं, पिपाणी. ओट्याओट्यावरून टाळ्या. त्यानं घाईघाईनं फोन बंद करायला दाबला, तर फोननं आपलं काम केलं: आजची सगळी दौड धावणाऱ्यांच्या ग्रुपवर जाऊन पडली. ती तशी आपोआप जावी अशी व्यवस्था प्रफुल्लनंच लावून दिली होती, सगळ्यांना दिसावं म्हणून. प्रफुल्लचा लगेच फोन. आवाजात पहिल्यांदाच आदर. शेवटचा टप्पा सुरुवातीपेक्षा वेगात! लोक वर्षानुवर्षं सराव करतात तरी जमत नाही!

घनश्याम म्हणाला, “हो, म्हणजे… झालं.”

आणि दारात पाहतो तर हंसाबाई समईपुढं डोकं टेकून रडत होती. कितीतरी वर्षांत ती अशी हलकी होऊन रडली नव्हती. तिनं उठून त्याच्या छातीवर हात ठेवला, नुसता ठेवला, आणि विचारलं, काही होते का आत?

तो म्हणाला, “काही नाही.”

तोंडातून शब्द गेल्यावर त्याला कळलं की कोणते शब्द गेले. हंसाबाईला त्या आनंदात कळलं नाही. कोकिळेनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, शर्टाला चिकटलेला एक बोंडाएवढा कापूस काढला, त्याच्याकडं पाहिलं आणि चिमटीतला कापूस पदराच्या टोकाला बांधला. तो म्हणाला, रस्त्यानं कापूस उडून राह्यला.

येत्या शनिवारी रोडगे ठरले. घनश्यामनं आठवडाभर ते पुढं ढकलायचा जमेल तेवढा प्रयत्न केला. थंडी फार आहे म्हणाला, दौड झाल्यावर करू म्हणाला. हंसाबाई म्हणाली, देवाचं उधार ठेवत नसतात.

आणि गल्लीला फाट्यावर न्यायला ट्रॅक्टर कोणाचा? खेमसिंगचा. वांगी त्याच्याच शेतातली, गोवऱ्याही त्याच्याच. सगळी गल्ली ट्रॉलीत बसून त्याच रस्त्यानं निघाली. बाभळीच्या नाल्यापाशी सदाशिवरावांनी सगळ्यांना हात करून दाखवलं, की पाहा, हा चढ आपला घनश्याम पायानं चढला. सगळ्यांनी माना वळवून चढ पाहिला. घनश्यामनं पाहिला नाही. तो ट्रॉलीच्या फळीवर नखानं रेघा ओढत होता.

मारोतीपुढं गोवऱ्यांचा जाळ झाला. जाडसर कणकेचे रोडगे आरात भाजून निघाले, फोडून त्यावर तूप सुटलं, वांग्याच्या भाजीचा वास रस्त्यावरच्या मोटरसायकली थांबवू लागला. पहिलं पान नवसाच्या माणसाला वाढतात. घनश्यामनं रोडग्याचा तुकडा तोंडात घातला आणि तो तिथंच राहिला. हंसाबाईला वाटलं, पोराचं मन भरून आलं. तिनं वरून तूप सोडलं.

सदाशिवरावांना चार रोडग्यांनंतर नेहमी भाषण येतं. त्या दिवशी त्यांना साक्षीदार हवा होता. खेमसिंग भाजी वाढत होता. त्याला त्यांनी मारोतीसमोरच अडवलं आणि विचारलं, की तूही त्या दिवशी या रस्त्यानंच कापूस घेऊन आलास, मग तुला आमचा पठ्ठ्या दिसला असेल ना?

क्षणभर घनश्यामला वाटलं, सांगून टाकावं खेमसिंगनं, सुटलो. खेमसिंगनं पंगतीकडं पाहिलं, हंसाबाईच्या तोंडाकडं पाहिलं, मारोतीकडं मात्र पाहिलं नाही. “दिसले नं,” तो म्हणाला. “घामाघूम होते. म्या म्हटलं बसा, तं नाही म्हणले.”

टाळ्या पडल्या. घनश्यामला त्या टाळ्या गालावर बसल्यासारख्या लागल्या. स्वतःची लबाडी एकवेळ माणूस पोटात ठेवतो. पण आपल्यासाठी दुसरा एक सरळ माणूस देवाच्या दारात, हातात प्रसादाचं भांडं घेऊन खोटं बोलला, हे कुठं ठेवायचं?

भांडी घासताना त्यानं खेमसिंगला बाजूला गाठलं. काहून बोलला असं? खेमसिंग राखेनं कढई घासत राहिला. मग म्हणाला, “पंगतीत तुमची पत गेली असती भाऊ. ते म्या सांभाळलं. मारोतीचं तुमचं तुम्ही पाहा, माह्यासकट.”

दौड एका आठवड्यावर आली होती. ग्रुपवर प्रफुल्ल रोज आठवण करून द्यायचा, की आता लांब धावू नका, पाय ताजे ठेवा. घनश्याम मुळीच धावत नव्हता. पोपटी बूट दारामागं होते. दुकानात तो पुन्हा चाकाच्या खुर्चीतून उठेनासा झाला. गिऱ्हाईक अभिनंदन करायला यायचं आणि हा त्याच्या डोळ्यावर तपासणीची चौकट चढवायचा, म्हणजे समोरच्याला आपलं तोंड धड दिसू नये. एकानं विचारलं, रोडगे झकास झाले होते, पुन्हा कधी धावता? त्यानं त्या माणसाला चुकीच्या नंबरचा चष्मा दिला.

घरात तर अजून वाईट. हंसाबाई आता त्याला अडवत नव्हती. उलट जाताना वाटेत खायला लाडू करत होती. वीस वर्षांत पहिल्यांदा ती रात्री निवांत झोपत होती, आणि ती झोप एका कापसाच्या ढिगावर उभी होती.

बुधवारी जेवताना कोकिळेनं पदराची गाठ सोडली आणि तो कापूस त्याच्या ताटाशेजारी ठेवला. एवढंच म्हणाली, की मले सांगू नका, मले पहिल्या दिवशीच समजलं. त्याहिले सांगा. आणि सासूच्या खोलीकडं मान केली.

हंसाबाई लाडू वळत होती. घनश्याम उंबऱ्यावर बसला, आत गेला नाही. त्यानं ट्रॅक्टर सांगितला, कापूस सांगितला, झोप सांगितली. खेमसिंगचं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. मग तो म्हणाला की नाल्याच्या चढावर छातीत धडधडलं. हात थांबले.

“दुखलं?”

“नाही. भेव लागलं. बाबा दिसले.”

“आन् मी इच्यारलं तं काय म्हणाला तू?”

तिनंच सांगितलं. “काही नाही म्हणाला. तुह्या बापानंबी हेच म्हटलं होतं. त्याच दारात.”

ती ओरडली नाही, आणि त्यामुळं घनश्यामला मान वर करायची सोय राहिली नाही. परातीतल्या पिठाकडं पाहतच त्यानं विचारलं, आता पुन्हा रोडगे करायचे का? हंसाबाई म्हणाली, “रोडगे तं गेले लोकायच्या पोटात. ते काय आता मांगता येते? गावानं खाल्लं, ते तुले जिरवा लागते.”

तो म्हणाला, नाल्यापासून घरापर्यंतचं राहिलंय, तेवढं शनिवारी करतो. ती म्हणाली, नवस तुकड्या-तुकड्यानं फिटत नसतो. घरापासून मारोती, मारोतीपासून घर. आणि शनिवारी नाही, रविवारी. तिच्या ध्यानात होतं रविवारी काय आहे. त्याच्याही. दोघांनी उमरखेडचं नाव घेतलं नाही. ती दौड तिथंच, त्या उंबऱ्यावर संपली.

त्याआधी तिनं त्याला यवतमाळला नेलं. डॉक्टरनं तारा लावून त्याला सरकत्या पट्ट्यावर पळवलं आणि हृदय बैलासारखं आहे असं सांगितलं. हंसाबाईनं ते डॉक्टरकडून दोनदा वदवून घेतलं. पोराच्या शब्दावर तिचा आता भरवसा नव्हता, आणि हे ती डॉक्टरसमोरच बोलली.

रविवारी गल्ली उठली तेव्हा घनश्याम दारात पोपटी बुटांत उभा, मागं खेमसिंगचा ट्रॅक्टर, रिकामा, आणि ट्रॉलीत सतरंजीवर हंसाबाई, शेजारी पाण्याचा माठ. सदाशिवरावांना वाटलं, उमरखेडला ट्रॅक्टरनं चालले की काय. हंसाबाईनं ट्रॉलीतूनच त्यांना सगळं सांगितलं, आवाज जराही न दाबता. घनश्याम ते संपेपर्यंत उभा राहिला. त्याला तशी ताकीद होती. सदाशिवराव आधी हसले. मग त्यांना चार रोडगे आठवले असावेत. ते आत गेले.

ती वाट कशी गेली ते घनश्यामला विचारू नये. पुढं हा, मागं रिकामा ट्रॅक्टर. आपल्याकडचा माणूस हे दृश्य पाहून गप्प जाईल काय? पहिली मोटरसायकल हळू झाली. “काहून धावून राह्यले भाऊ? मांगं तं रिकामा ट्रॅक्टर हाय. बसा नं.”

हंसाबाई ट्रॉलीतून म्हणाली, “त्याले नका इच्यारू. त्यानं आधीच बसून घेतलं हाय.”

मग त्या माणसाला सगळी गोष्ट हवी. ती त्याला मिळाली. पुढच्याला पण मिळाली. कापूस वेचणाऱ्या बाया बांधावर आल्या, त्यांना तर ट्रॅक्टर थांबवून मिळाली. घनश्यामला थांबायची परवानगी नव्हती, त्यामुळं आपली अब्रू मागं मोठ्यानं सांगितली जात असताना तो एकटाच पुढं धावत होता. हसू मागून यायचं आणि त्याला गाठायचं. घाम डोळ्यांत जात होता, हे बरं होतं.

मारोतीपाशी खेमसिंग इंजिन बंद करून उतरला आणि देवापुढं दोन्ही कान धरू लागला. घनश्यामनं त्याचे हात खाली केले. “तुहे नको. माहेच धरतो, दोघायचे.” आणि त्यानं धरले. शेंदूर मात्र लावला नाही. मागच्या वेळी लावून झाला होता.

परतताना बाभळीच्या नाल्याच्या चढावर पाय थांबले. धडधड तशीच, तिथंच. मागं ट्रॅक्टर थांबला. घनश्यामनं वळून पाहिलं. हंसाबाई फळीला धरून उभी राहिली होती, आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“दुखते का?”

“नाही.”

“भेव लागते?”

“लागते.”

“मलेबी लागते,” ती म्हणाली. “चाल.”

तो चढ तो चालत चढला. पुढं धावला, मग लंगडला, मग पुन्हा चालला. त्याच वेळी तिकडं उमरखेडहून प्रफुल्लनं घरी फोन करून विचारलं, घनश्यामराव का आले नाहीत? कोकिळा म्हणाली, ते सकाळपासून धावूनच राह्यले, फक्त रस्ता आपला आहे.

दुपार कलताना तो गल्लीत शिरला. टाळी नाही, हार नाही, पिपाणी नाही. ज्यांनी जास्त रोडगे खाल्ले होते त्यांनी दारं आधी लावून घेतली होती. फटीतून मात्र पाहत सगळेच होते. कोकिळेनं तांब्या पुढं केला. हंसाबाई ट्रॉलीतून उतरली, त्याच्या छातीवर हात ठेवला, आणि या वेळी काही विचारलं नाही. पोपटी बूट तिनं चुलीत घातले नाहीत. खेमसिंगला दिले. ते त्याच्या पायात बसत नाहीत, तरी फवारणीला जाताना तो मागची कड दाबून घालतो.

सावळी रोडवर ही गोष्ट आता घनश्यामच्या आधी पोचलेली असते. मागच्या आठवड्यात त्याची स्कूटर फाट्याच्या अलीकडं पंक्चर झाली आणि तो भर उन्हात पायी निघाला. एकामागं एक गाड्या आल्या. प्रत्येक गाडी जराशी हळू झाली, चालवणाऱ्यानं ओळखलं, आणि आदबीनं पुढं गेली. शेवटी खेमसिंगचा ट्रॅक्टर आला. ट्रॉली रिकामी होती. खेमसिंगनं गिअर उतरवला, घनश्यामकडं पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. घनश्याम मान खाली घालून चालत राहिला. ट्रॅक्टर बराच वेळ त्याच्याच चालीनं बाजूनं चालला, आणि मग पुढं निघून गेला.